परसबाग आखायची ती मे महिन्यातल्या पाण्यावर

नाशिकच्या आसपास गावाकडे दोन-चार गुंठे जागा घेतलेली, किंवा भावकीच्या वाटणीत मिळालेली माणसं मला दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करतात. पहिला पाऊस झालेला असतो, मातीचा वास सुटलेला असतो, बियांची पाकिटं घरात येऊन पडलेली असतात. "ताई, आता काय काय लावू?" मी विचारते, "मे महिन्यात विहिरीला पाणी किती होतं?" पलीकडे सगळं गप्प.

हे मी शहाणपणानं विचारत नाही, ठेच लागल्यावर विचारते. आमची जागा निफाड तालुक्यात, घर सोडून साडेतीन गुंठे. पहिल्या वर्षी कोपरान् कोपरा लावून काढला. दिवाळीत पाहुणे बाग बघायला येत आणि पिशव्या भरून नेत. मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागला, एप्रिलात मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागली, आणि वैशाखात हिरवं उरलं ते एकटं कढीपत्त्याचं झाड, तेही न्हाणीच्या पाण्यावर. नोव्हेंबरात भरलेली विहीर बघून बाग आखली की असंच होतं. म्हणून पुढची सगळी कामं एप्रिल-मेपासून धरून लिहिली आहेत. तुम्ही पावसाळ्यात वाचत असाल तर एवढंच करा की पहिल्या वर्षी दोन वाफ्यांच्या पुढे जाऊ नका; बाकीची जागा पुढच्या मेची वाट बघू दे.

आधी पाणी मोजा

आपला जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळतो, नाशिक शहरात साधारण ७०० मिलिमीटर, आणि सिन्नर-येवल्याकडे ५०० च्या आसपास. त्यामुळे त्र्यंबकच्या मेहुण्याची बाग बघून सिन्नरला तशी करायला जाऊ नये. त्याची अडचण पाणी तुंबण्याची, तुमची पाणी आटण्याची.

विहीर असो वा बोअर, मेच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा हे करा. २०० लिटरचा ड्रम ठेवा, मोटर चालू करा, ड्रम किती मिनिटांत भरतो ते घड्याळ लावून बघा. किती ड्रम भरल्यावर पाणी तुटतं ते लिहा. मग किती तासांनी पुन्हा तेवढं साचतं तेही बघा. विहीर सामायिक असेल तर तुमची पाळी कधी आणि किती, हे तोंडी न ठेवता पक्कं करून घ्या. उन्हाळ्यात नातं टिकतं ते त्याच्यावर. पाटाचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, आमच्या परसबागेला आलं, असं धरून कधीच चालू नका. ते येतं तेव्हा तुमचं रोप वाळून आठ दिवस झालेले असतात.

आता हिशेब. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे रोज साधारण ६ ते ७ लिटर पाणी लागतं; थंडीत त्याच्या निम्म्यावर भागतं. चार फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफा म्हणजे ३.७ चौरस मीटर. त्याला मेमध्ये दिवसाला २४-२५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पावणेदोन बादल्या. असे पाच वाफे केले तर रोज सव्वाशे लिटर. घरचं पिण्या-वापरण्याचं, जनावर असेल तर त्याचं, हे सगळं काढून मे महिन्यात रोज किती लिटर खात्रीनं उरतं? त्याला २५ नं भागा. आलेला आकडा हे तुमचे बारमाही वाफे. आमचा आकडा चार आला. साडेतीन गुंठ्यांत चार वाफे म्हटल्यावर मन खट्टू होतं खरं, पण बाकीची जागा रिकामी राहत नाही. ती पावसाळी पिकांना आणि झाडांना जाते, फेब्रुवारीत मोकळी होते, आणि मोकळी झाली की उन्हात तापू द्यायची.

पाचशे ते हजार लिटरची टाकी पाच फूट उंच ओट्यावर बसवा. शेतीची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री; टाकी असली की रात्री बॅटरी घेऊन वाफ्यात उभं राहावं लागत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या उसात बिबट्या असतो हे वर्तमानपत्रात वाचून कळायची आपल्याला गरज नाही. अंधारात वाकून पाणी देणं टाळा, एवढं सांगते. टाकीतून खाली साध्या गुरुत्वानं ठिबक चालतं. छोट्या बागेला १६ मिलिमीटरची नळी आणि टाकीला एक चांगली गाळणी पुरते. गाळणीत कंजूषी केली की ड्रिपर महिन्याभरात बुजतात, आणि मग माणूस ठिबकला शिव्या देत पुन्हा पाइप हातात घेतो.

न्हाणी आणि मोरीचं पाणी वाया घालवू नका. एक खड्डा, त्यात खाली दगडगोटे, वर वाळू. त्यातून निथळलेलं पाणी केळीला आणि कर्दळीला. पालेभाजीला आणि कच्चं खायच्या मुळा-काकडीला ते देऊ नये.

कुंपण झाल्याशिवाय बी आणू नका

हे लहानसं वाटतं म्हणून लोक मागे ठेवतात. एक शेळी वीस मिनिटांत एक वाफा साफ करते, आणि शेळी शेजाऱ्याची असते, म्हणजे भांडणही होतं. जाळीच्या तारेचं कुंपण परवडत असेल तर सरळ तेच करा. नाहीतर बाभळीच्या काट्या रोवून, त्याला लागूनच पावसाच्या तोंडाला करवंद किंवा सागरगोटीची रोपं लावा; तीन वर्षांत काट्या कुजतात तोवर जिवंत कुंपण उभं राहतं. मोरांवर मात्र कुंपणाचा उपाय नाही. कोवळ्या मिरचीवर त्यांचा फार जीव. पहिले वीस-पंचवीस दिवस रोपांवर जुनी साडी किंवा शेडनेट ताणून ठेवली तर वाचतात.

माती, आणि वापसा

जमीन काळी आहे की मुरमाड हे गावातलं पोरही सांगेल. आपल्याला हवंय ते वेगळं: पाणी किती वेळ थांबतं. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनंतरही दिसत असेल तर जमीन भारी आहे. तिथे पावसाळ्यासाठी आठ-नऊ इंच उंच गादीवाफेच हवेत, नाहीतर आषाढात मुळ्या कुजतात. वीस मिनिटांत गायब झालं तर मुरूम जवळ आहे. तिथे उंच वाफा केलात तर पाणी देता देता दमाल, सपाट वाफा करा आणि शेणखत वाढवा. काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला बरेच जण देतात. चार घमेली वाळूनं त्या मातीला काही होत नाही, ट्रॉल्याच ओताव्या लागतात. तोच पैसा खताला घाला.

मातीत पांढरे चुनखडीचे खडे दिसतात का तेही बघा. शंका असेल तर वाळल्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फेसाळलं की चुनखडी आहे. अशा जमिनीत लिंबू-पेरूची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लिटरमागे ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घेऊन फवारलं की पानं सुधारतात, पण कायमचा इलाज शेणखतच.

माती परीक्षण एकदा जरूर करा. सहा-सात ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीत-दीड वीत खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यायची. उकिरड्याजवळची, बांधावरची, झाडाखालची, नुकतंच खत टाकलेल्या जागेची घ्यायची नाही. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, मालेगावकडच्यांना वडेलचं जवळ. अहवालात तीनच गोष्टी आधी बघा. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात असेल तर उत्तम. आपल्याकडे बहुतेकदा आठच्या आसपास येतो, घाबरू नका. विद्राव्य क्षार जास्त असतील तर पाणीही तपासून घ्या. आणि सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर पहिल्या वर्षी फळभाजीचा हट्ट सोडून ताग पेरा आणि फुलावर यायच्या सुमाराला गाडा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही. मलाही आवडला नव्हता.

वापसा हा शब्द शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला समजावावा लागत नाही; शहरातून आलेल्यांसाठी सांगते. पाऊस किंवा पाणी झाल्यावर माती ओली राहते पण चिखल राहत नाही, ती अवस्था. वीतभर खालची मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. पडून भुगा झाला तर वापसा आहे, कुदळ घ्या. थप्प करून चपटा झाला तर घरी जा, चहा घ्या, दोन दिवसांनी या. काळी माती ओली असताना तुडवली, खणली, तर तिची ढेकळं होतात आणि ती त्या हंगामात फुटत नाहीत. आमच्या दुसऱ्या वाफ्याच्या एका टोकाला अजून तो भाग ओळखू येतो.

खताची गोष्ट

पहिल्या वर्षी मी एक ट्रॉली शेणखत विकत घेतलं. कुणाकडून ते राहू दे. काळंभोर दिसत होतं, स्वस्तही पडलं. वाफ्यात पसरून झालं तेव्हा शेजारच्या मावशी आल्या, एक मूठ उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला अजून शेणाचा वास येतोय. हे खत नाही, हे शेणच हाये." मग त्यांनी मूठ उघडली. इंग्रजी सीसारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची जाडजूड अळी. हुमणी. मावशींनी ती चपलेखाली घेतली आणि पुढची मूठ उचलली, त्यात दोन निघाल्या. त्या वर्षी श्रावणात मिरचीची उभी रोपं दुपारी माना टाकत आणि ओढली की अलगद हातात येत, खाली मुळीच नसे.

कुजलेलं शेणखत कसं ओळखायचं तर हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखं सुटं, गार लागतं, ओल्या मातीचा वास येतो, काडी-कचरा ओळखू येत नाही. ढिगात कोपरभर हात घालून बघा; आत गरम लागलं तर अजून कुजतंय, घेऊ नका. दहा फुटी वाफ्याला पहिल्या वर्षी दोन-तीन घमेली, पुढे दर हंगामाला एक. पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात, ते हुमणीचे आईबाप. फांदी हलवून खाली रॉकेलच्या पाण्यात पाडा. सगळ्या वस्तीनं मिळून केलं तर फरक पडतो, एकट्यानं केलं तर कमी.

जीवामृताचं प्रमाण पुष्कळांना हवं असतं म्हणून देते. २०० लिटर पाण्याला १० किलो ताजं देशी गाईचं शेण, तेवढेच लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी २ किलो, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, रोज काठीनं ढवळायचं, आठवड्याच्या आत वापरून टाकायचं. चार वाफ्यांना दहावा हिस्सा केला तरी खूप. मी करते, पण शेणखत न घालता नुसतं जीवामृत देऊन बाग येईल अशा भ्रमात राहू नका.

आखणी

वाफे स्वयंपाकघराच्या दारापासून हाकेच्या अंतरावर घ्या. वीस पावलांवरची कोथिंबीर रोज तोडली जाते, बांधापलीकडची फुलावर येते. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. दोन वाफ्यांत दीड फूट वाट, भरलेलं घमेलं घेऊन चालता यावं इतकी.

सूर्य आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून मोठी झाडं उत्तरेला आणि पश्चिमेला. दक्षिणेला आंबा लावलात तर दहा वर्षांनी हिवाळ्यात वाफ्यांवर ऊन येणार नाही, आणि तेव्हा आंबा तोडायला कुणाचा हात धजत नाही. पश्चिमेचं झाड मात्र एप्रिल-मेच्या दुपारी पालेभाजीला सावली देतं.

झाडांचे खड्डे मेमध्येच घेऊन उन्हात तापू द्या. आंब्याला एक मीटर लांब-रुंद-खोल, लिंबू-पेरूला दोन फूट पुरेत. एक शेवगा, कढीपत्ता, कागदी लिंबू, सरदार पेरू, मोरीच्या पाण्यावर दोन केळी, आणि जागा असेलच तर घराच्या भिंतीपासून लांब एक केशर आंबा. लहान जागेला यापेक्षा जास्त झाडं नकोत. शेवगा हात पोचेल एवढाच ठेवा, दरवर्षी शेंगा संपल्या की निर्दयपणे छाटा. न छाटलेला शेवगा वादळात कुणाच्या तरी पत्र्यावर पडतो.

काय लावायचं, आणि कांदा लावायचा का

नाशिकला राहून घरी कांदा-टोमॅटो लावावा का, याच्यावर आमच्याकडे जेवताना वाद होतात. माझं मत असं. लासलगाव, पिंपळगावचे बाजार हाकेवर असताना आणि काढणीच्या दिवसांत शेजारीपाजारी क्रेटच्या क्रेट भरून आणून देत असताना बारमाही पाण्याचा वाफा कांद्यात अडकवू नये. चार माणसांच्या घराला महिन्याला पाच किलो कांदा लागतो. उन्हाळी कांदा चौरस मीटरला अडीच किलोच्या आसपास येतो, म्हणजे एक वाफा भरून नऊ-दहा किलो: दोन महिन्यांचा. त्यासाठी तो वाफा पौषापासून चैत्रापर्यंत बांधला जातो. पातीसाठी वाफ्याच्या कडेनं एक ओळ लावा, तेवढं बस. हौस असेल तर बियाणं चितेगाव फाट्याच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानातून किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून घ्या.

बाजारात मिळत नाही, शिळं मिळतं, किंवा मिळतं पण फवारलेलं मिळतं, ते लावावं. मेथी, कोथिंबीर, पालक, चुका, अंबाडी, अळू, मिरची, वांगी, आणि मांडवावर दोडका, कारलं, दुधी, काकडी, घेवडा.

रोहिणी नक्षत्र २५ मेला लागतं, मृग ७-८ जूनला. हळद आणि अळूचे कंद रोहिणीतच. मृगाचा पाऊस पडून वापसा आला की भेंडी, गवार, चवळी, अंबाडी आणि सगळे वेल. पहिल्या सरीला भुलून पेरू नका. वीतभर ओल गेली आहे का ते खुरप्यानं बघा. वांगी आणि मिरचीची रोपं महिनाभर आधी टाकलेली असावीत, किंवा रोपवाटिकेतून आणा. पिंपळगाव पट्ट्यात रोपवाटिकांना तोटा नाही. आणताना उंच, लवलवीत रोप नको. वीतभराहून बुटकं, जाड देठाचं, गडद पानाचं घ्या, आणि उन्हं उतरल्यावर लावा. घरापुरती वांग्याची चार झाडं पुरतात. अडीच-अडीच फुटांवर लावा. नवखा माणूस तेवढ्या जागेत बारा कोंबतो आणि मग वांगी का धरत नाहीत म्हणून विचारत फिरतो.

गणपतीनंतर कोबी-फ्लॉवर-टोमॅटोची रोपं. नवरात्र ते दिवाळी हा आपल्या बागेचा खरा मोसम: मेथी, पालक, मुळा, गाजर, बीट, वाटाणा, लसूण. थंडी पक्की पडली की भेंडी-गवार पेरण्यात अर्थ नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती खाली गेला हे डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतंच. एक आकडी तापमानात भेंडीचं बी जमिनीत झोपून राहतं आणि बरेचदा कुजतं. उन्हाळी भेंडी, गवार, काकडी फेब्रुवारीत, थंडी ओसरल्यावर, आणि तीही फक्त बारमाही वाफ्यांत. फेब्रुवारी ते एप्रिल गारपिटीची भीती असते. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली ती इथं कुणी विसरलेलं नाही. छोट्या बागेला निदान एवढं करता येतं की आभाळ भरून आलं की शेडनेट ताणायची.

कोथिंबिरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवखे सगळ्यात जास्त हिच्यातच फसतात. किराणातले जुने धने पेरू नका, बियाण्याचे घ्या. गोणपाटावर पसरून चपलेनं हलके रगडा. प्रत्येक धन्याची दोन दळं सुटली पाहिजेत, भुगा व्हायला नको. मग रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात बांधून निथळत ठेवा. फोकून पेरण्यापेक्षा चार-चार बोटांवर रेघा ओढून पेरा म्हणजे निंदता येतं. वर अर्धा इंच माती, त्यावर गव्हाचा भुसा, आणि झारीनंच पाणी. पाइपची धार सोडली की सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात जमा होतं. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही. त्या दिवसांत उकरून बघू नका. सगळा वाफा एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी दोन-अडीच फूट, म्हणजे आधीची संपेपर्यंत पुढची तयार.

कोणत्याही जुन्या बियाची खात्री नसेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात उगवल्या तर पेरा, चार उगवल्या तर नवीन आणा.

रोपं वीतभर झाली की जमीन उघडी ठेवायची नाही. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळलेला पाला, जे गावात फुकट मिळेल ते दोन-तीन इंच अंथरा, खोडापासून चार बोटं सोडून. पाण्याची पाळी एक दिवसानं लांबते. वाळवी लागली तर तेवढा थर काढून टाका.

द्राक्षाचा शेजार

आपल्या पट्ट्यात परसबागेचा सगळ्यात मोठा त्रास किडीपेक्षा शेजारच्या फवाऱ्याचा असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या बागेत डाऊनी-भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात, त्या दिवसांत ट्रॅक्टरचा ब्लोअर पहाटेपासून घुमतो. वारा तुमच्याकडे असेल तर तो धूर तुमच्या मेथीवर बसतो, आणि मेथी तर त्याच आठवड्यात काढायची असते. शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही. त्याचं वर्षाचं पीक त्यावर आहे. फोन नंबर घेऊन ठेवा. मी आदल्या संध्याकाळी विचारते, "दादा, उद्या ब्लोअर आहे का?" ते सांगतात, "हो ताई, पाचला घेणार, तुमची भाजी झाकून घ्या." त्या रात्री पालेभाजीच्या वाफ्यांवर ताडपत्री पडते आणि फवारा थांबल्यावर तासाभरानं निघते. त्या बाजूच्या कुंपणाला शेवरी आणि तुरीची दाट ओळ लावली आहे. थोडं तरी अडतं. पालेभाजीचे वाफे मुळातच त्या बाजूला घेऊ नका.

उसात किंवा गव्हात तणासाठी टू-फोर-डी मारलं आणि त्याचा वारा आला, तर टोमॅटो, भेंडी, वांग्याची नवी पानं चिंचोळी होऊन पिळवटतात. लोक त्याला रोग समजून औषधं मारत बसतात. पाणी द्या, वाट बघा. झटका हलका असेल तर पुढची पानं नीट येतात.

स्वतःच्या बागेतल्या किडीसाठी रोज सकाळी पानांची खालची बाजू बघणं हेच खरं औषध. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, मोठी अळी हातानं वेचा, शेंडे वाळलेली वांग्याची फांदी अळीसकट कापून जाळा. ऐकत नसेल तर निंबोळी अर्क: अर्धा किलो वाळलेली निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, एकूण १० लिटर करा, चमचाभर साबणाचा चुरा घाला, संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली सडा पडतात तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवायच्या. डिसेंबरात आठवण झाली तर मिळत नाहीत. कारलं-दोडक्यावर फळमाशी येते. फळ बोटाएवढं असतानाच जुन्या वर्तमानपत्राची पुंगळी करून त्यावर चढवा, खालचं तोंड उघडं ठेवून.

बियाण्याची दुधी

दुधी, दोडका, घेवडा, अंबाडी यांचं गावठी बी असेल तर ते दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. संकरित पाकिटाचं बी मात्र धरू नका, पुढच्या पिढीला कसंही फळ येतं. वेलीवरचं दुसरं-तिसरं, निरोगी फळ निवडा आणि त्याला लाल चिंधी बांधा. ही चिंधी महत्त्वाची. आमच्याकडे दोनदा बियाण्याची दुधी पाहुण्यांच्या पिशवीतून गेली. फळ वेलीवरच वाळू द्या. देठ तपकिरी झाला, नख लावलं तरी साल उमटत नाही, आणि कानाशी धरून हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज आला की उतरवा. बिया काढून धुवा, दोन दिवस सावलीत वाळवा, राखेत घोळून काचेच्या बरणीत भरा आणि वर नाव-महिना लिहा. आमच्या बरणीवर मावशींच्या नातीनं लिहिलंय, "दुधी, मार्गशीर्ष, खायची नाही."